मालाचा जन्मदाखला

मुक्त व्यापार करार झाला की बातमी येते: इतक्या हजार वस्तूंवरचे शुल्क शून्य. भोसरी किंवा चाकणच्या लहान कारखानदाराला वाटते, आता आपला माल तिकडे आपोआप स्वस्त होईल. तसे होत नाही. सवलत मागावी लागते, आणि माल आपल्याच देशात तयार झाला हे दाखवावे लागते.

मुळात शुल्क भरतो तिकडचा आयातदार. ऑस्ट्रेलियाशी झालेला करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. तिथे यंत्रांच्या बऱ्याच सुट्या भागांवर ५ टक्के शुल्क असे. म्हणजे एक कोटीच्या मालावर पाच लाख. चीनचा ऑस्ट्रेलियाशी करार २०१५ पासूनच आहे. तेव्हा भाव सारखा असूनही आपल्याकडे दाखला नसेल, तर ग्राहकाला आपला माल महाग पडतो. दाखला असेल, तर वाचलेल्या पाच लाखांतला वाटा भाव ठरवतानाच मागता येतो. नंतर मागून कोणी देत नाही.

प्रत्येक देशात मात्र हा फायदा नसतो. सिंगापूर मद्य, तंबाखू, मोटारी, इंधन असे मोजके अपवाद सोडून कोणत्याच मालावर शुल्क घेत नाही. तिथे सवलतीच्या दाखल्यासाठी धावपळ करण्यात अर्थ नाही. म्हणून आधी त्या देशाचा नेहमीचा दर पाहावा, मग करारातला.

आता खरी मेख. आसियान देशांशी झालेला मालव्यापार करार १ जानेवारी २०१० पासून लागू झाला. त्याच्या सर्वसाधारण नियमात दोन अटी आहेत. पहिली, मालाच्या जहाजापर्यंतच्या किमतीत किमान ३५ टक्के वाटा देशी हवा. समजा, व्हिएतनामला पाठवायच्या एका भागाची किंमत १,००० रुपये आहे. त्यात ६०० रुपयांचे साहित्य परदेशी असेल, तर मजुरी, वीज, नफा धरून देशी वाटा ४० टक्के होतो, माल पात्र. परदेशी साहित्य ७०० रुपयांचे झाले की अपात्र. पण त्या ७०० पैकी १०० रुपयांचे साहित्य थायलंडचे असेल आणि तिथला दाखला सोबत असेल, तर ते आपल्याच बाजूला धरले जाते आणि माल पुन्हा पात्र ठरतो.

इथेच अनेकांची गफलत होते. पुण्यातल्याच व्यापाऱ्याकडून रुपयांत घेतलेली पोलादी सळी भारतीयच असेल, असे नाही. जिच्या मूळ देशाचा पुरावा नाही, ती हिशेबात परदेशी धरली जाते.

दुसरी अट, परदेशी साहित्याचा वर्गीकरण क्रमांक पहिल्या सहा आकड्यांत बदलला पाहिजे. हे सहा आकडे जगभर सारखे असतात. सळीपासून दंड घडवला तर क्रमांक बदलतो. बाहेरून आलेले बेअरिंग नव्या खोक्यात भरले तर बदलत नाही, मग त्यावर नफा कितीही असो.

हे जमले की विदेश व्यापार महासंचालनालयाच्या संकेतस्थळावर अर्ज करायचा. १९३४ साली स्थापन झालेली आपली मराठा चेंबर मूळ देशाचे प्रमाणपत्र देते, ते साधे, शुल्कसवलतीशिवायचे. सवलतीचे प्रमाणपत्र वेगळे असते; ते निर्यात तपासणी परिषदेसारख्या, त्या-त्या करारासाठी सरकारने नेमलेल्या यंत्रणेकडून घ्यावे लागते. दोन्ही एकच समजून भलताच कागद पाठवला, तर तिकडचा सीमाशुल्क अधिकारी पूर्ण शुल्क लावतो.

प्रमाणपत्र मिळाले तरी काम संपत नाही. आयात करणारा देश पुढे पडताळणी मागू शकतो. तेव्हा खरेदीची बिले आणि खर्चाचा तक्ता दाखवता आला नाही, तर शुल्क ग्राहकाच्या माथी बसते आणि तो ग्राहक बहुधा परत येत नाही.

म्हणून सुरुवात खरेदीपासून करावी. साहित्य घेताना पुरवठादाराकडून ते कुठे बनले याचे लेखी निवेदन घ्यावे, आणि प्रत्येक निर्यात मालासाठी एक खर्चतक्ता ठेवावा. देशी किती, परदेशी किती, हे त्यात कळले की कोणत्या देशाला कोणता भाव सांगायचा, हेही ठरवता येते.