शाप म्हटला की चौकशी थांबते

१९८२ साली आलेल्या ‘पोल्टरगाइस्ट’ या अमेरिकन भयपटाला शाप लागला होता, असं आजही पुष्कळ लोक निःशंकपणे सांगतात. पहिल्या भागात पोहण्याच्या तलावाच्या प्रसंगासाठी खरे मानवी सांगाडे वापरले, मृतांची विटंबना झाली, आणि म्हणून मालिकेतले चार कलावंत सहा वर्षांच्या आत दगावले, अशी ती कथा. यातले मृत्यू खरे आहेत. सांगाडेही खरे होते. खोटा आहे तो या दोहोंना जोडणारा धागा. माझ्या मते ही कथा चुकीची तर आहेच, शिवाय घातकही आहे. कारण अशा घटनांमागे जे माणसांचं कृत्य असतं, कुणाचा गुन्हा, कुणाचा हलगर्जीपणा, त्यावर ती पांघरूण घालते.

चारही मृत्यू नीट पाहू. डॉमिनिक डन या २२ वर्षांच्या अभिनेत्रीचा गळा ३० ऑक्टोबर १९८२ रोजी तिच्या पूर्वीच्या प्रियकराने आवळला; पाच दिवसांनी ती रुग्णालयात गेली. हा माणूस तिला आधीही मारहाण करत होता. एका दूरचित्रवाणी मालिकेत तिने मार खाल्लेल्या मुलीची भूमिका केली, तेव्हा पडद्यावर दिसलेले तिच्या अंगावरचे वळ रंगभूषेचे नव्हते, खरे होते. खटल्यात त्याच्या आधीच्या मैत्रिणीची साक्ष ज्यूरीसमोर येऊच दिली नाही. खुनाऐवजी सदोष मनुष्यवधाचा दोष लागून त्याला साडेसहा वर्षांची शिक्षा झाली आणि साडेतीन वर्षांत तो सुटला. चिमुरड्या कॅरल अ‍ॅनची भूमिका करणारी हेदर ओ’रुर्क १९८८ च्या फेब्रुवारीत गेली, अवघ्या बाराव्या वर्षी. तिच्या आतड्यात जन्मजात अरुंदपणा होता, आणि डॉक्टरांनी त्याला वेगळाच आजार ठरवलं होतं. ज्युलियन बेक यांना दुसऱ्या भागात काम करण्याआधीच पोटाचा कर्करोग झाल्याचं निदान झालेलं होतं. विल सॅम्पसन हृदय आणि फुप्फुसांच्या प्रत्यारोपणानंतरच्या गुंतागुंतीत गेले. म्हणजे एक स्त्रीवरच्या हिंसेचा बळी, एक चुकलेलं निदान, आणि दोन गंभीर आजार. या चौघांना एकत्र बांधणारं कारण शोधायला गेलं तर हाती काहीच लागत नाही.

सांगाड्यांची बाजू मात्र इतक्या सहज सोडून देण्यासारखी नाही. जोबेथ विल्यम्स या अभिनेत्रीने स्वतः सांगितलं आहे की तलावातले सांगाडे खरे होते, हे तिला चित्रीकरणानंतर कळलं. त्या काळी वैद्यकीय सामान विकणाऱ्यांकडून असे सांगाडे मिळत, आणि प्लास्टिकच्या प्रतिकृतींपेक्षा ते स्वस्तही पडत. हेच सांगाडे जगभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत टांगलेले होते. हाडं हाताळल्याने शाप लागत असता तर पहिल्या वर्षाचे विद्यार्थी त्यातून सुटले नसते. पण ही हाडं यायची कुठून? जगाची बहुतांश गरज भारत भागवत असे आणि या व्यापाराचं मोठं केंद्र कोलकाता होतं. १९८५ मध्ये भारत सरकारने ही निर्यात बंद केली. चित्रपटातले नेमके ते सांगाडे कोणाचे होते, हा प्रश्न बाजूला ठेवला तरी गरिबांचे देह त्यांच्या संमतीशिवाय असे विकले जात होते ही खरी लाजिरवाणी गोष्ट आहे. भुताच्या गोष्टीत तिला जागाच उरत नाही. गोष्टीतला मृतात्मा सूड घेतो, मग त्याच्या देहाचा सौदा कोणी केला हे विचारायचं राहूनच जातं.

यावर हमखास येणारा आक्षेप असा: एकेका मृत्यूला कारण असेल, पण इतके योगायोग एकाच चित्रपटाच्या वाट्याला कसे? उत्तर मोजणीच्या पद्धतीत आहे. तीन चित्रपटांत शेकडो माणसांनी काम केलं. त्यातले कोण मोजायचे आणि किती वर्षांपर्यंत, हे आधी ठरलेलंच नसतं. पहिल्या भागात छोटी भूमिका केलेल्या लू पेरीमन यांचा खून २००९ साली, म्हणजे २७ वर्षांनी झाला, तरी तो शापाच्या खात्यात जमा झाला. त्याच चित्रपटातल्या बिअ‍ॅट्रिस स्ट्रेट ८६ वर्षांच्या होऊन गेल्या, जेम्स कॅरन ९४ वर्षांचे. त्यांची नोंद कोणी करत नाही. त्यातलेच रिचर्ड लॉसन १९९२ मध्ये एका विमान अपघातातून बचावले. ज्या विमानातले निम्म्याहून जास्त लोक मेले त्यातून ते जिवंत बाहेर आले, तर तो खरं म्हणजे वरदानाचा पुरावा व्हायला हवा. पण तीही घटना शापाखालीच सांगितली जाते. ‘द ओमेन’ या भयपटाच्या वेळी ग्रेगरी पेक यांच्या विमानावर वीज पडली, हा असाच आवडता दाखला. प्रवासी विमानावर सरासरी वर्षातून एकदा तरी वीज पडते आणि ते सहन करण्यासारखीच त्याची बांधणी असते. शिवाय भयपटाच्या निर्मात्याला अशी अफवा नको का असेल? तिच्याइतकी स्वस्त जाहिरात दुसरी नाही.

नाटकातला सर्वांत प्रसिद्ध शाप ‘मॅकबेथ’चा. इंग्रजी नाट्यगृहात त्याचं नाव उच्चारायचं नाही, ‘ते स्कॉटिश नाटक’ म्हणायचं. १६०६ च्या पहिल्याच प्रयोगात लेडी मॅकबेथ करणारा मुलगा मेला, ही त्याची मूळ कथा. ती १८९८ साली मॅक्स बीअरबोम या समीक्षकाने रचून जुन्या लेखकाच्या नावावर खपवली होती. १८४९ मध्ये न्यूयॉर्कच्या अ‍ॅस्टर प्लेस भागात ‘मॅकबेथ’च्या प्रयोगावरून दंगल होऊन वीसहून अधिक माणसं मेली, हे मात्र खरं. पण ती मेली सैनिकांच्या गोळीबारात. इंग्रज नट मॅक्रेडी आणि अमेरिकन नट फॉरेस्ट यांच्या चाहत्यांचं ते वैर होतं, आणि त्याआड श्रीमंत आणि कष्टकरी यांच्यातला राग धुमसत होता. हेच नाटक १९५४ मध्ये शिरवाडकरांनी ‘राजमुकुट’ म्हणून मराठीत आणलं; नाव न घेण्याचा तो संकेत काही आपल्या रंगभूमीवर रुजला नाही.

दुसरा आक्षेप अधिक समंजस आहे. नाटकवाले प्रयोगापूर्वी नारळ वाढवतात, रंगदेवतेला नमस्कार करतात; परदेशात रिकाम्या रंगमंचावर रात्रभर एक दिवा जळत ठेवतात. मग शापाची भीती तेवढी का सलावी? माझं म्हणणं असं की हे दोन निरनिराळे प्रकार आहेत. नारळाने सगळे एका जागी येतात, मन एकाग्र होतं; दिव्यामुळे अंधारात कोणी खड्ड्यात पडत नाही. दोन्हींमुळे माणूस सावध होतो. शाप मात्र घडून गेलेल्या गोष्टीला कारण पुरवतो आणि पुढचं विचारणं थांबवतो. ‘द एक्झॉर्सिस्ट’ या भयपटात एलन बर्स्टिनला दोरीने ओढताना तिच्या पाठीला दुखापत झाली, तीही शापाच्या यादीत गेली. दोरी फार जोराने ओढली जाते आहे हे आपण आधीच सांगितलं होतं, असं तिचं स्वतःचं म्हणणं आहे.

‘ट्वायलाइट झोन’ चित्रपटाच्या चित्रीकरणातला अपघातही अशा याद्यांत असतो. २३ जुलै १९८२ ची पहाट, स्थळ कॅलिफोर्निया. जमिनीलगत उडणारं हेलिकॉप्टर सेटवरच्या स्फोटांच्या तडाख्यात सापडून कोसळलं. नट व्हिक मॉरो आणि सहा-सात वर्षांची दोन मुलं जागीच ठार झाली. मुलांना रात्री कामाला लावण्याची परवानगी नव्हती. म्हणून त्यांना नोंदीशिवाय, रोख पैसे देऊन आणलं होतं. दिग्दर्शकासह पाचजण १९८७ मध्ये निर्दोष सुटले, पण खटला झाला, तपास झाला, आणि त्यातून चित्रीकरणातल्या सुरक्षिततेचे नियम कडक झाले. ‘द क्रो’च्या सेटवर ३१ मार्च १९९३ रोजी ब्रँडन ली वारला, तेव्हा वडील ब्रूस ली यांच्यापासून चालत आलेला घराण्याचा शाप असल्याचं बोललं गेलं. घडलं होतं ते असं: खऱ्या काडतुसातली दारू काढून डमी बनवली, पण प्रायमर (दारू पेटवणारा भाग) तसाच राहिला. त्याच्या ठिणगीने गोळी नळीत सरकून अडकली. पुढे त्याच पिस्तुलात ब्लँक (गोळी नसलेलं काडतूस) भरून चाप ओढला गेला, तेव्हा ब्लँकच्या दाबाने ती सुटली. नळी कोणीही तपासली नव्हती. हलगर्जीपणा झाला हे मान्य होऊनही कोणावर गुन्हा दाखल झाला नाही.

२०२१ च्या ऑक्टोबरमध्ये न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’च्या सेटवर छायालेखिका हॅलिना हचिन्स अशाच एका न तपासलेल्या शस्त्राने मारली गेली, या वेळी डमींमध्ये चक्क खरं काडतूस मिसळलेलं होतं. त्याआधी त्याच सेटवर शस्त्र चुकून उडालं होतं, आणि त्या सकाळी कॅमेरा विभागातले लोक कामाच्या परिस्थितीवर नाराज होऊन निघून गेले होते. ‘रस्ट’ भयपट नव्हता, वेस्टर्न होता. त्यामुळे ही खरी गोळी सेटवर आणली कोणी, हा प्रश्न भुताखेतांकडे न जाता न्यायालयात गेला. २०२४ मध्ये शस्त्रांची जबाबदारी असलेल्या तंत्रज्ञ स्त्रीला मनुष्यवधाच्या आरोपाखाली दोषी ठरवून अठरा महिन्यांची शिक्षा झाली.