जादा बोर्ड आणि चिठ्ठी

पवईला आय. आय. टी. आहे. तिथल्या व बंगळूरच्या शास्त्रज्ञांची एक दुर्बीण लडाखात हानले येथे आहे. उंची सुमारे ४,५०० मीटर! २०१८ पासून ती आकाश न्याहाळते.

दुर्बिणीच्या कॅमेऱ्याला हुकूम देणारे सर्किट असते. ते बिघडले की कॅमेरा आंधळा. फुटलेला तारा काही आपल्यासाठी थांबत नाही; हळूहळू विझतो. म्हणून जादा बोर्ड जवळच हवा.

कोरड्या हवेत अंगावर वीज साठते. नुसत्या बोटाने बोर्ड जळू शकतो. तो खास पिशवीतच ठेवावा. वर चिठ्ठी लावावी: कशाचा, कुठे बसतो, कधी तपासला. वहीतही लिहावे. अधूनमधून लावून पाहावा.

माणसे बदलतात, लिहिलेले राहते. तुमच्या पंपाच्या जादा सामानालाही आजच चिठ्ठी लावा बरे!