सुईणीच्या घरी कोण असतं?

मागच्या वेळी आपण अनुभव आणि ज्ञान यांच्या नात्याविषयी बोलत होतो. वेळ संपली म्हणून तो धागा अर्धाच राहिला. आज तोच प्रश्न एका व्यवसायाच्या निमित्तानं पुन्हा घेऊ. व्यवसाय सुईणीचा. तत्त्वज्ञानाच्या मास्तरानं बाळंतपणावर काय बोलायचं, असं तुमच्यापैकी काहींना वाटत असेल. तर माझ्याकडे दोन कारणं आहेत. पहिलं म्हणजे सॉक्रेटिस सुईणीचा मुलगा होता. दुसरं म्हणजे मीही सुईणीचाच मुलगा आहे. आमच्यातलं साम्य तिथंच संपतं. (हशा)

सॉक्रेटिसच्या आईचं नाव फैनारेती. वडील सोफ्रोनिस्कस, पाथरवट किंवा शिल्पकार. प्लेटोच्या 'थीएटेटस' या संवादात सॉक्रेटिस सांगतो, की मी माझ्या आईचाच धंदा करतो. फरक एवढाच, की ती बायकांची बाळंतपणं करायची आणि मी पुरुषांच्या विचारांची करतो. हा उतारा आम्ही पस्तीस वर्षं वर्गात शिकवला. शिकवताना रूपकावर भर द्यायचा, सुईणीकडे कोण बघतो! पण प्लेटोनं तिथं खऱ्या सुईणींची बरीच माहिती दिली आहे. त्या औषधं देत, मंत्र म्हणत, कळा आणत, कळा सौम्य करत. आणि एक नियम सांगितला आहे: जिला अजून मूल होऊ शकतं, अशी बाई सुईणीचं काम करत नाही. जिचं ते वय उलटलं आहे, तीच करते.

याचं कारणही दिलंय, ते ऐकण्यासारखं आहे. बाळंतपणाची देवता आर्टेमिस स्वतः कुमारिका. तिनं हे काम वांझ बायकांना दिलं नाही, कारण ज्याचा अनुभव नाही त्याचं कौशल्य कमावण्याइतका माणसाचा स्वभाव समर्थ नाही. म्हणून जिनं मुलं जन्माला घातली, पण आता घालत नाही, तिला हे काम दिलं. म्हणजे अनुभव हवा, पण तो मागे पडलेला हवा.

याला उत्तर दिलं सोरेनस नावाच्या वैद्यानं. हा एफिससचा, इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला रोममध्ये वैद्यकी करायचा. स्त्रीरोगांवरच्या ग्रंथात तो चांगली सुईण कशी असावी ते सांगतो. तिला लिहितावाचता यावं, स्मरणशक्ती चांगली असावी, ती पिणारी नसावी, घरोघरची गुपितं तिच्या पोटात राहावीत. बोटं लांब आणि सडपातळ, नखं कापलेली. आणि तिला स्वतःला मूल झालेलं असलंच पाहिजे, हे त्याला मान्य नाही. म्हणजे हे शिकता येतं, असं तो म्हणतो. एका अर्थानं आजची प्रत्येक नर्सिंग शाळा सोरेनसच्या बाजूची आहे.

पण त्याच यादीत एक बारीक सूचना आहे: सुईणीनं लोकर कातण्याचं काम करू नये, हात राठ होतात. आता त्या काळी लोकर कातणं म्हणजे काय? आपल्याकडे दळण-कांडण, तसं ते. घरातल्या बाईचं रोजचं, न संपणारं काम. सोरेनस अगदी सहज सांगून जातो, की ते तिनं करू नये. मग कोणी करावं? तिथं तो गप्प आहे. प्लेटोही गप्पच. कारण प्लेटोच्या नियमात ही अडचण न बोलता सुटलेली आहे. वय उलटलेली बाई म्हणजे जिच्या पदराला तान्हं मूल नाही, जिच्या घरी सून आली आहे. तो नियम आपण ज्ञानाविषयीचा म्हणून वाचतो. मला आता वाटतं, तो रात्रीविषयीचाही आहे. हाक आली की उठून जाता येईल, अशी बाई कोण, याचं ते उत्तर आहे.

हे समजायला बाळंतपणाचा वेळ कसा जातो ते थोडं बघावं लागेल. पहिलटकरणीच्या कळा सुरू झाल्यापासून मूल होईपर्यंत बारा-चौदा तास सहज जातात, जास्तही जातात. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला लवकर होतं, पण किती लवकर ते सांगता येत नाही. मूल झालं म्हणून सुटका नाही. वार पडायची वाट बघायची, ती पूर्ण पडली का ते तपासायचं, आणि मग तास-दोन तास बसून राहायचं, कारण रक्तस्राव सुरू झाला तर बाई डोळ्यांदेखत जाऊ शकते. यातला हातांनी करायचा भाग थोडा. उरलेला सगळा वेळ शेजारी असण्याचा. 'मिडवाइफ' या शब्दाचा मूळ अर्थच 'बाईच्या सोबत असणारी' असा आहे. आणि जी एका बाईच्या सोबत आहे, ती त्या वेळी आपल्या घरी नाही.

माझी आई १९५० च्या दशकात दोन वर्षांचा सहायक परिचारिका-प्रसविकेचा अभ्यासक्रम शिकली. मी तेव्हा चार वर्षांचा. वसतिगृहात मुलं ठेवता येत नसत, म्हणून मी आजीकडे, म्हणजे तिच्या सासूबाईंकडे. तिच्या तुकडीत बहुतेक मुली अविवाहित, काही विधवा, काही नवऱ्यानं टाकलेल्या. नवरा हयात, नांदवणारा, आणि घरी मूल, अशी ती जवळजवळ एकटीच. देखरेखीखाली केलेल्या प्रत्येक बाळंतपणाची वहीत नोंद करायची, ती बाईंनी तपासून सही करायची. ही नोंदीची सवय तिनं आयुष्यभर सोडली नाही.

नंतर रत्नागिरी जिल्ह्यात खाडीकाठच्या एका गावात नेमणूक झाली. १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, तिची नोकरी तिकडे गेली. वडील प्राथमिक शिक्षक, दुसऱ्या तालुक्यात, शनिवारी संध्याकाळी यायचे. घरात आजी, मी आणि १९६० साली झालेली धाकटी बहीण. लोक आईला नर्सबाई म्हणायचे. रात्री दारात कंदील दिसला की मला कळायचं, आता आई जाणार. कात्री, नाळ बांधायचा दोरा, पोटाला लावायचा भोंगा, इंजेक्शनची डबी असलेली तिची पेटी दाराशीच असायची.

परत आली की आजी तिला पडवीतच थांबवायची. विटाळ. आधी न्हाणीघर, मग घर. मी धावत जायचो तर आजी माझा दंड धरून ठेवायची. इथं जरा वाकडी वाट करतो. व्हिएन्नाच्या इस्पितळात १८४७ साली सेमेलवाइस यांना कोडं पडलं होतं, की जिथं सुईणी शिकतात त्या विभागात बाळंतिणी कमी का मरतात आणि जिथं वैद्यकीचे विद्यार्थी शिकतात तिथं जास्त का. उत्तर निघालं हातात. विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच यायचे. तेव्हा आजीचं पाणी वाया जात नव्हतं, फक्त तिचं कारण चुकीचं होतं. आणि ते कारण साधं नव्हतं. नाळ कापणाऱ्या बाईला आपल्या समाजानं पिढ्यान् पिढ्या कुठं बसवलं, हे तुम्हाला माहीत आहे.

आता ती रात्र. मी सातवीत होतो. बहिणीला दुपारपासून ताप. संध्याकाळनंतर पलीकडच्या वाडीतून माणूस आला, जुळ्याची केस, एक पाय दिसतोय म्हणाला. आईनं बहिणीला औषध दिलं, ओल्या फडक्यानं अंग कसं पुसायचं ते आजीला दाखवलं आणि होडीत बसली. मध्यरात्रीनंतर बहिणीला आकडी आली. आजीनं कांदा फोडून नाकाशी धरला आणि मला म्हणाली, बाबू, धाव. दोन मैलांवर दवाखान्याचे कंपाउंडर राहायचे, त्यांना उठवून आणेपर्यंत उजाडायला आलं. तोवर ताप उतरला होता, पोर झोपली होती. तापातली अशी आकडी बहुतेक वेळा आपोआप थांबते, हे आज मला माहीत आहे. तेव्हा मला वाटलं होतं, बहीण गेली.

आई दहाच्या सुमाराला आली. आजीनं अंगणातच सांगितलं, आणि सांगितल्यावरही आधी न्हाणीघरच दाखवलं. आईनं वाद घातला नाही. डोक्यावरून पाणी घेतलं आणि ओल्या केसांनीच बहिणीला उचललं. मी दोन दिवस तिच्याशी बोललो नाही. खरं सांगायचं तर पुढची बरीच वर्षं त्या विषयावर मी तिच्याशी नीट बोललोच नाही. बहिणीला यातलं काहीही आठवत नाही. माझा राग तिच्या वतीनं होता, आणि तिनं तो कधीच मागितला नव्हता.

आई निवृत्त झाल्यावर एकदा मी विचारलं, "त्या रात्री तुझा पाय कसा निघाला गं?" ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, "तिथं कोणी नव्हतं. इथं तुझी आजी होती." बस, एवढंच. मला तिच्याकडून खंत हवी होती आणि तिनं मला हिशेब दिला. तो हिशेब बरोबर होता, हे कळायला मला अजून दहा वर्षं लागली.

त्याला एक पुस्तक कारण झालं. अमेरिकेत मेन प्रांतात केनेबेक नदीकाठी हॅलोवेल गावी मार्था बॅलर्ड नावाची सुईण होती. तिनं १७८५ ते १८१२ अशी सत्तावीस वर्षं रोजनिशी लिहिली. त्यात ८१६ बाळंतपणांची नोंद आहे. लॉरेल थॅचर उलरिक या इतिहासकार बाईंनी त्यावर 'अ मिडवाइफ्स टेल' हे पुस्तक १९९० मध्ये लिहिलं, पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर मिळालं. मार्थाला नऊ मुलं झाली होती, त्यातली तीन १७६९ च्या घटसर्पाच्या साथीत गेली. रोजनिशी सुरू झाली तेव्हा ती पन्नास वर्षांची, म्हणजे प्लेटोच्या नियमात बसणारी. पण त्या नोंदींत बाळंतपणाच्या शेजारीच घरचं काम आहे: कोण विणायला बसलं, काय पेरलं, कपडे कोणी धुतले. त्यामुळे उलरिकबाईंना दाखवता आलं, की मार्था बर्फातून आणि नावेतून रात्री-अपरात्री जाऊ शकत होती, कारण घरी मुली आणि कामाला ठेवलेल्या पोरी मागावर बसलेल्या होत्या. १७९० नंतरच्या वर्षांत मुली लग्न होऊन गेल्या, तेव्हा तिला घर आणि काम दोन्ही ओढणं जड जाऊ लागलं. हात तेच, ज्ञान वाढलेलंच. घरचं माणूस कमी झालं होतं.

हे वाचलं आणि आईची वही काढली. त्या रात्रीची नोंद सापडली: तारीख, वाडीचं नाव, 'जुळे, दोन्ही मुली, पहिली पायाळू, बाळंतीण सुखरूप'. घराविषयी अक्षर नाही, असणारही नाही. सरकारी सवयीची वही ती. चाळीस वर्षांच्या वह्यांमध्ये आजीचं नाव एकदाही नाही.

आता आजचं बघू. आपल्या व्यवस्थेत साध्या भागात ५,००० आणि डोंगरी-आदिवासी भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. तिथं आरोग्य सेविका, बहुधा तरुण, मुलं लहान. म्हणजे प्लेटोचा नियम आपण उलटा केला. तो करायलाच हवा होता, त्यात मला शंका नाही. शिकलेल्या हातांमुळे बाळंतिणी वाचतात. पण वयाच्या नियमानं जे न बोलता सुटत होतं, ते सोडवायची दुसरी सोय आपण केली का? २०१७ च्या दुरुस्तीनं प्रसूतीची रजा २६ आठवड्यांची झाली आणि ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथं पाळणाघर सक्तीचं झालं. कायदा नेमका कुणाकुणाला लागू होतो, तो वेगळा विषय. पण नुसतं गणित बघा: उपकेंद्रात माणसं असतात दोन-तीन. आणि पाळणाघर दिवसा उघडं असतं. मुलं मात्र रात्रीही जन्माला येतात.

एक चिठ्ठी आली आहे, तिचं उत्तर देतो आणि थांबतो. एका बाईंनी लिहिलंय, की सून नर्स आहे, तिला नवा मिडवाइफरीचा अभ्यासक्रम करायचा आहे, नातू तीन वर्षांचा आहे, पाठवावं का. २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनंतर नोंदणीकृत परिचारिकांसाठी हे अठरा महिन्यांचं प्रशिक्षण सुरू झालं आहे, तेच असावं. ताई, पाठवावं का हा प्रश्न तुमचा नाही, तिचा आहे. तुमचा प्रश्न वेगळा आहे: रात्री नातवाजवळ कोण झोपणार? तुम्ही झोपणार असाल तर फॉर्म भरायच्या आधी मुलाला आणि सुनेला समोर बसवून तसं सांगा, आणि तुम्हाला झेपणार नसेल तर तेही सांगा. तुमचा मुलगा आठवड्यातून किती रात्री घरी असेल, हे त्याच्याच तोंडून ऐका. बाई ठेवावी लागली तर तिचा पगार फीच्या शेजारी लिहा. आणि सून पहाटे परत येईल तेव्हा तिला आंघोळीला पाणी गरम लागेल. गार नको.