लॅब्रॅडॉर : थंड पाण्यात घडलेला श्वान

बंदुकीने पक्षी टिपण्याची पद्धत ब्रिटनमधील जमीनदारांमध्ये रूढ होत गेली, तशी शिकाऱ्याला साथ देणाऱ्या श्वानांमध्ये कामांची वाटणीही होत गेली. दडलेल्या पक्ष्याचा वास घेऊन त्याची जागा दाखवायची ती पॉइंटर आणि सेटर यांनी, त्याला झुडपातून उठवायचे ते स्पॅनियलने, आणि बार लागून पडलेला पक्षी शोधून मालकाच्या हाती आणून देण्याचे काम आले रिट्रीव्हर या गटाकडे. महाराष्ट्रातील कारवान आणि पश्मी ही कुत्री नजरेने सावज हेरतात, त्याचा पाठलाग करतात आणि ते स्वतःच पकडतात. रिट्रीव्हरला मात्र बार होईपर्यंत स्वस्थ बसता आले पाहिजे आणि तोंडात आलेल्या पक्ष्यावर दात न रुतवण्याइतका संयम पाळता आला पाहिजे. लॅब्रॅडॉर याच गटातला असून, घरोघरी लाडका झालेल्या या श्वानाचे गुण आणि त्याची दुखणी ही दोन्ही या कामाच्या संदर्भातच नीट उलगडतात.

या जातीचे पूर्वज लॅब्रॅडॉर प्रदेशातले नसून त्याच्या दक्षिणेकडील न्यूफाउंडलंड बेटावरचे होते. तेथील कोळ्यांजवळ ‘सेंट जॉन्स वॉटर डॉग’ नावाची आखूड केसांची काळी कुत्री असत, आणि बर्फासारख्या गार समुद्रात उडी घेऊन गळातून निसटलेले मासे पकडणे व दोर ओढून आणणे ही त्यांची रोजची कामे होती. खारवलेल्या माशांच्या व्यापारी जहाजांतून ती इंग्लंडमधील पूल बंदरात उतरली. जवळच जहागीर असलेल्या माल्म्सबरीच्या अर्लने पाणथळीतल्या बदकांच्या शिकारीसाठी ती पाळली, आणि १८८० च्या दशकात त्या घराण्याने बक्ल्यूच्या ड्यूकला दिलेल्या श्वानांपासून आजच्या लॅब्रॅडॉरची वंशावळ मुख्यतः सुरू होते. ब्रिटिश केनेल क्लबने या जातीला १९०३ मध्ये मान्यता दिली. न्यूफाउंडलंडमध्ये मेंढ्यांच्या रक्षणासाठी कुत्र्यांवर कर आणि निर्बंध आले, मूळची जात रोडावत गेली आणि विसाव्या शतकाच्या अखेरीस ती नामशेष झाली. तिचा वारसा ब्रिटनमध्ये गेलेल्या वंशजांत टिकून राहिला.

थंड पाण्यातल्या त्या कष्टांच्या खुणा आजही या श्वानाच्या अंगावर आहेत. बाहेरचे राठ, आखूड केस पाणी झटकून टाकतात आणि आतला दाट, मऊ थर ऊब धरून ठेवतो. पंजांच्या बोटांमध्ये पडदा असतो. बुडाशी जाड आणि टोकाला निमुळती होत जाणारी, पाणमांजराच्या शेपटीसारखी शेपटी पोहताना सुकाणूचे काम करते. शिकारीच्या भाषेत ज्याला ‘मऊ तोंड’ म्हणतात, म्हणजे उचललेली वस्तू न चेंगरता सांभाळून आणण्याची वृत्ती, ती पिढ्यान् पिढ्यांच्या निवडीतून मुरलेली आहे, आणि घरातली चप्पल तोंडात धरून फिरणारे पिल्लू खोडकरपणापेक्षा याच वृत्तीने वागत असते.

या जातीची भूक हा स्वतंत्र विषय आहे. केंब्रिज विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये दाखवून दिले की सुमारे एक चतुर्थांश लॅब्रॅडॉरांमध्ये ‘पॉम्सी’ या जनुकाचा छोटा तुकडा गळालेला असतो, त्यामुळे पोट भरल्याचा संदेश मेंदूला नीट पोहोचत नाही आणि वजन वाढते. मदतनीस म्हणून प्रशिक्षित केलेल्या श्वानांमध्ये हा बदल कितीतरी अधिक आढळला, आणि त्याचा संभाव्य अर्थ असा की खाऊच्या ओढीने लवकर शिकणारा श्वान निवडताना माणसाने नकळत भूकच निवडली. तेव्हा लॅब्रॅडॉरच्या याचनेने विरघळून त्याच्या ताटलीत पुन्हा पुन्हा वाढणे ही माया खरी असली, तरी ती त्याच्या आयुष्यावर बेतते. ४८ लॅब्रॅडॉरांवर जन्मभर चाललेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात, जोडीतल्या दुसऱ्या श्वानापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न मिळालेले श्वान सरासरी जवळपास दोन वर्षे अधिक जगले आणि त्यांची सांधेदुखीही उशिरा सुरू झाली.

काळा, पिवळा आणि चॉकलेटी हे तीनच रंग मान्य आहेत आणि ते मुख्यतः दोन जनुकांच्या जुळणीवर ठरत असल्यामुळे एकाच विणीत तिन्ही रंगांची पिल्ले जन्मू शकतात. रंगासाठी हट्ट धरणाऱ्यांनी ब्रिटनमधील २०१८ चा एक अभ्यास लक्षात घ्यावा: त्यात चॉकलेटी लॅब्रॅडॉरांचे मध्यक आयुर्मान १०.७ वर्षे, तर इतर रंगांच्या श्वानांचे १२.१ वर्षे आढळले, आणि कानाचे व त्वचेचे विकारही चॉकलेटी श्वानांत अधिक दिसले.

महाराष्ट्राला या जातीची कर्तबगारी कळली ती १९९३ मध्ये, मुंबईतील बॉम्बस्फोटांनंतर, जेव्हा पोलिसांच्या श्वानपथकातील ‘जंजीर’ या लॅब्रॅडॉरने तीन हजार किलोंहून अधिक आरडीएक्स हुडकून काढले. मात्र, दुहेरी केसांच्या या श्वानाला येथील उन्हाळा मानवत नाही. त्याला पहाटे आणि सूर्यास्तानंतरच फिरवावे, दुपारी सावली व भरपूर पाणी द्यावे, आणि उन्हापासून बचाव म्हणून त्याचे केस मुळापासून कापू नयेत, कारण तेच केस त्वचेचे उन्हापासून रक्षण करतात. पावसाळ्यात लोंबत्या कानांखालचा ओलावा आणि अंगावरच्या गोचिडी रोज तपासाव्यात, कारण गोचिडीपासून होणारा ताप जिवावर बेतू शकतो. दिवसभर सदनिकेत कोंडलेला, वस्तू शोधून आणण्याचा खेळ न मिळालेला तरुण लॅब्रॅडॉर फर्निचर कुरतडू लागला, तर दोष त्याचा नसतो.

पिल्लू घेताना त्याच्या आई-वडिलांच्या खुब्यांची क्ष-किरण तपासणी झाली आहे का हे विचारणे अगत्याचे आहे, कारण खुब्याचा सांधा सैल बसण्याचा दोष या जातीत आनुवंशिक आहे. श्वानपैदाशीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार पैदास करणाऱ्याने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली असावी लागते आणि आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. पिल्लाची आई दाखवायला टाळाटाळ करणाऱ्या विक्रेत्याकडून, किंमत कितीही कमी असली, तरी पिल्लू घेऊ नये.