घर हीच पहिली शाळा : लहान मुलांसाठी शिक्षणाचा कोपरा आणि अभ्यासक्रमाची निवड

२०२० सालच्या टाळेबंदीत घराघरांतून शाळा भरू लागल्या. त्या काळानंतर 'आपल्या मुलाला घरीच शिकविता येईल काय?' हा प्रश्न तरुण पालक अधिक गांभीर्याने विचारू लागले आहेत. काहींना मुलाला संपूर्णपणे गृहशिक्षण द्यावयाचे असते. काहींना पहिलीचे प्रवेशवय होईपर्यंत, म्हणजे सहाव्या वर्षापर्यंत, मुलाला घरी ठेवावेसे वाटते. शाळा चालू ठेवूनही घरी अभ्यासाची नीट जागा व्हावी, अशी इच्छा असणारे पालक तर पुष्कळच आहेत. या तिन्ही प्रकारच्या पालकांना उपयोगी पडेल अशी माहिती येथे एकत्र देण्याचा आमचा प्रयत्न आहे. हा विचार प्रामुख्याने तीन ते आठ या वयोगटातील मुलांपुरता आहे.

पालकांचा अधिकार आणि कर्तव्य

दुसऱ्या व्हॅटिकन विश्वपरिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयी जो जाहीरनामा प्रसिद्ध केला, त्यात मुलांचे पहिले आणि प्रमुख शिक्षक त्यांचे आईवडीलच होत, असे स्पष्टपणे मांडले आहे. शाळा, शासन आणि ख्रिस्तसभा त्यांच्या साह्याला येतात. पण पालकांची जागा ती घेत नाहीत. १९८३ च्या धर्मसंहितेतही हेच तत्त्व आले आहे. तीच संहिता पुढे असेही सांगते की, पालकांनी मुलांना कॅथलिक शिक्षण देणाऱ्या शाळेत घालावे आणि ते शक्य नसेल तर शाळेबाहेर तशा शिक्षणाची व्यवस्था करावी. म्हणजे गृहशिक्षण घेणारा पालक ख्रिस्तसभेच्या शिकवणुकीबाहेर जात नाही. त्याचबरोबर शाळेला तुच्छ लेखण्यासही या शिकवणुकीत आधार नाही.

पोप फ्रान्सिस यांनी २०१६ साली कुटुंबाविषयी जे प्रबोधनपत्र लिहिले, त्यातील सातवे प्रकरण मुलांच्या शिक्षणाला वाहिलेले आहे. मुलाच्या प्रत्येक हालचालीवर ताबा ठेवण्याचा ध्यास म्हणजे शिक्षण नव्हे, असा इशारा ते तेथे देतात. घरी शिकविणाऱ्या पालकांनी तो विशेष लक्षात ठेवावा. घरी शिक्षक आणि पालक एकच असल्यामुळे मुलाला सुटका नसते. शाळेतून आल्यावर तरी मूल आईच्या कुशीत शिरते.

कायद्याची बाजू

बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम २००९ साली संमत झाला आणि १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. सहा ते चौदा वर्षे वयाच्या मुलांना तो लागू आहे आणि मुलाला नजीकच्या शाळेत दाखल करणे हे त्याने पालकांचे कर्तव्य मानले आहे. गृहशिक्षणाचा उल्लेख मात्र या कायद्यात नाही. त्याची नोंदणी कशी करावी, हेही तो सांगत नाही. म्हणून सहा वर्षांच्या पुढे मुलाला घरी शिकविण्याचा निर्णय घेताना पालकांनी ही अस्पष्टता पूर्णपणे ध्यानात घ्यावी. सहा वर्षांपूर्वी अर्थातच असा प्रश्न उद्भवत नाही.

परतीची वाट मात्र उघडी आहे. शाळेत न गेलेल्या मुलाला त्याच्या वयाला अनुरूप अशा वर्गात प्रवेश मिळावा, अशी तरतूद याच कायद्यात आहे. याशिवाय राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेचे मुक्त मूलभूत शिक्षण तीन स्तरांत चालते. 'अ' स्तर तिसरीशी, 'ब' पाचवीशी आणि 'क' आठवीशी समकक्ष मानला जातो. पुढे वयाची १४ वर्षे पूर्ण झाल्यावर याच संस्थेमार्फत दहावीची परीक्षा देता येते. जन्मदाखला, लसीकरणाची नोंद आणि मुलाच्या कामाचे नमुने तारीखवार लावलेली फाईल एवढे कागद पहिल्या दिवसापासून जपून ठेवले, तर पुढे धावपळ होत नाही.

रोम ते कोसबाड

लहान मुलांची खोली कशी असावी, याचा शास्त्रशुद्ध विचार ज्यांनी केला त्यांत डॉ. मारिया माँटेसरी यांचे नाव अग्रभागी आहे. त्या कॅथलिक होत्या. ६ जानेवारी १९०७ रोजी, तीन राजांच्या सणाच्या दिवशी, रोममधील सान लोरेन्झो या गरीब वस्तीत त्यांचे पहिले बालगृह सुरू झाले. मुलाच्या उंचीची टेबले, हाताला येतील अशी कपाटे आणि स्वतः निवडलेले काम या गोष्टी आज सर्वत्र दिसतात. त्या काळी त्या नवीन होत्या. १९३९ मध्ये त्या भारतात आल्या आणि दुसऱ्या महायुद्धाची वर्षे त्यांनी येथेच काढली.

हा विचार आपल्या मातीत रुजविण्याचे श्रेय गिजुभाई बधेका, ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांना जाते. ताराबाईंनी १९४५ साली बोर्डी येथे ग्रामीण बालशिक्षणाचे कार्य सुरू केले आणि १९५७ मध्ये ते पालघर जिल्ह्यातील कोसबाड येथे नेले. परदेशी साधने महाग होती. त्यांच्या जागी शिंपले, खडे, बिया, पाने अशी परिसरातील साधने या दोघींनी वापरली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा त्याच्या अंगणात न्यावी, या भूमिकेतून त्यांनी पाड्यांवर बालवाड्या भरविल्या आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा काढली. म्हणून 'आमच्याकडे वेगळी खोली नाही, पैसा नाही' म्हणून खंत करणाऱ्या पालकांना आम्ही कोसबाडचे उदाहरण देतो.

जागेची मांडणी

वेगळी खोली असल्यास उत्तमच. पण वसईच्या जुन्या घराची ओटी किंवा सदनिकेतील खिडकीजवळचा कोपराही पुरतो. जागा रोज तीच असावी. तेथे बसले की कामाला लागायचे, हे मुलाला हळूहळू अंगवळणी पडते.

बसल्यावर मुलाचे पाय जमिनीला टेकतील एवढ्याच उंचीची खुर्ची घ्यावी. टेबल नसेल तर चटई पुरे. एका कामासाठी एक चटई अंथरावी आणि काम संपल्यावर ती मुलानेच गुंडाळून ठेवावी. त्यातून आपल्या कामाची सीमा त्याला कळते. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाच्या डावीकडून उजेड यावा, डावखुऱ्याच्या उजवीकडून. भिंतीचा खालचा भाग काळ्या रंगाने रंगविला की उभ्याने मोठी अक्षरे गिरविण्यासाठी फळा तयार होतो. पेन्सिल धरण्यापूर्वी खांदा व मनगट यांत बळ यावे लागते आणि ते अशा फळ्यावर येते.

फडताळ उघडे आणि बुटके असावे. ते भिंतीला पक्के ठोकावे, कारण मुले त्यावर चढतात. त्यावर एका वेळी आठ-दहाच वस्तू मांडाव्यात आणि बाकीच्या पेटीत ठेवून आठवड्याने बदलाव्यात. खूप वस्तू समोर असल्या की मूल एकीवरही स्थिरावत नाही. मोजण्यासाठी चिंचोके, ओतण्यासाठी तांदूळ व दोन वाट्या, आकारांसाठी लाकडी ठोकळे, बोथट कात्री, मातीचा गोळा, खडू आणि चित्रांची पुस्तके एवढ्यावर पहिले वर्ष सहज निघते. घरात तीन वर्षांखालील भावंड असेल तर चिंचोक्यांसारख्या बारीक वस्तू उंचावर ठेवाव्यात. त्या घशात अडकण्याचा धोका असतो.

जवळच एक लहानसे प्रार्थनास्थळ असावे. उपासना वर्षानुसार त्यावरील वस्त्र मुलाने बदलावे. आगमन व प्रायश्चित्त काळात जांभळे, नाताळ व पास्का काळात पांढरे, सामान्य काळात हिरवे आणि पेंटेकॉस्टच्या सणाला लाल. हे वर्षचक्र मुलाला डोळ्यांनी आणि हातांनी कळते, तेव्हा धर्मशिक्षणाची पाठांतरे पुढे सोपी जातात.

अभ्यासक्रमाची निवड

बाजारात आकर्षक संच पुष्कळ आहेत. विकत घेण्यापूर्वी मुलाने कोठवर पोहोचावे, हे पाहणे योग्य. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० नुसार तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा मानला आहे. त्याचा सविस्तर आराखडा ऑक्टोबर २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. २०२१ साली सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने या टप्प्याची उद्दिष्टे ठरवून दिली आहेत. बालवाटिकेच्या अखेरीस मुलाने दोन-तीन अक्षरी सोपे शब्द वाचावेत आणि १० पर्यंत अंक ओळखावेत. पहिलीअखेर चार-पाच शब्दांची छोटी वाक्ये वाचावीत आणि ९९ पर्यंत संख्या लिहाव्यात. तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचावेत. साडेतीन वर्षांच्या मुलाला १०० पर्यंत आकडे लिहावयास लावणारे पालक हे वाचून थोडे थांबतील, अशी आशा आहे.

साहित्यासाठी तीन मार्ग आहेत. पहिला शासकीय : बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात आणि २०२३ साली आलेल्या 'जादुई पिटारा' संचात खेळणी, कोडी, बाहुल्या व गोष्टींची कार्डे आहेत. मूल पुढे मराठी शाळेत जाणार असेल तर हा मार्ग सर्वांत सरळ. दुसरा मार्ग एखाद्या पद्धतीचा : माँटेसरी पद्धत साधनांवर भर देते, तर शार्लट मेसन या ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ बाईंची पद्धत लहान पाठ, निसर्गनिरीक्षण आणि ऐकलेली गोष्ट आपल्या शब्दांत सांगणे यांवर उभी आहे. या दोन्ही पद्धतींत पालकाला स्वतः अभ्यास करावा लागतो. तिसरा मार्ग तयार संचांचा : अमेरिकेतील सेटन किंवा मदर ऑफ डिव्हाइन ग्रेस यांसारख्या कॅथलिक संस्था घरबसल्या संपूर्ण अभ्यासक्रम पुरवितात. त्यांतील धर्मशिक्षण पद्धतशीर असते. परंतु खर्च डॉलरमध्ये असतो, आणि नाणी, मापे व इतिहास अमेरिकेचा असतो. आपल्या मुलाने रुपया, लीटर आणि शिवकाल शिकावयाचा आहे, हे लक्षात घेऊन त्यांतील धर्मशिक्षण तेवढे उचलावे, असे आम्हांस वाटते.

भाषेचा प्रश्न

पायाभूत वयात शिक्षण घरच्या भाषेत व्हावे, असे धोरण सांगते. आपल्या घरांतून सामवेदी, वाडवळी, कोळी, आगरी अशा बोली बोलल्या जातात आणि शाळा मात्र बहुधा इंग्रजी असते. परिणामी पुष्कळ मुलांना मिस्सेतील मराठी वाचने समजत नाहीत. घरी शिकविणाऱ्या पालकांना हा दुवा सांधण्याची संधी आहे. गोष्ट बोलीत सांगावी, वाचन मराठीत सुरू करावे आणि इंग्रजी प्रथम कानांवरून येऊ द्यावी. मुळाक्षरे 'अ' पासून क्रमाने न शिकविता लहान गटांत शिकवावीत. क, म, ल आणि काना एवढ्यावर काका, मामा, कमल, लाल, काम, माला असे शब्द पहिल्याच आठवड्यात वाचता येतात आणि मुलाला वाचनाची गोडी लागते.

दिनक्रम

चार वर्षांच्या मुलाला बसून करावयाचे काम दिवसाकाठी अर्धा तास पुरे. सात वर्षांच्या मुलाला दीड ते दोन तास, तेही पंधरा-वीस मिनिटांच्या तुकड्यांत. उरलेला वेळ खेळ, वाडीतील काम, स्वयंपाकघरातील मदत आणि झोप यांचा आहे. दोन ते चार वर्षांच्या मुलांनी पडद्यापुढे दिवसाला एका तासाहून अधिक वेळ बसू नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सुचविले आहे.

निर्णयापूर्वी

घरी शिकविण्याचा भार कोण उचलणार, हे पतिपत्नींनी आधी मोकळेपणाने बोलावे. बहुतेक घरांत तो आईवरच पडतो. तिची नोकरी सुटणार असेल, तर घरखर्चाचा हिशेब कागदावर मांडावा. बाबांनी संध्याकाळचे वाचन आणि रविवारचे निसर्गनिरीक्षण तरी स्वतःकडे घ्यावे. दुसरा प्रश्न सोबत्यांचा आहे. घरी शिकणाऱ्या मुलाला आठवड्यातून अनेकदा समवयस्क भेटलेच पाहिजेत. धर्मग्रामातील रविवारचा धर्मशिक्षण वर्ग, शेजारची मुले आणि चुलत-मावस भावंडे यांच्याशी ठरवून गाठ घालावी. दोन-तीन कुटुंबांनी एकत्र येऊन आळीपाळीने शिकविल्यास भार हलका होतो.

शेवटी, हा निर्णय कायमचा समजू नये. दरवर्षी एप्रिल महिन्यात मुलाची फाईल उघडावी, वर दिलेली उद्दिष्टे शेजारी ठेवावीत आणि मूल आनंदी आहे काय, आई थकली आहे काय, हेही विचारावे. उत्तर प्रतिकूल आले तर जूनमध्ये मुलाला शाळेत घालावे. त्यात कमीपणा नाही. मूल ज्या शाळेत जाईल तेथेही घरातील तो कोपरा, ते बुटके फडताळ आणि रात्रीची गोष्ट त्याच्या उपयोगी पडतच राहील.