मासे सर्वांत शेवटी

लंडनचे रसायनतज्ज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० च्या सुमारास काचेच्या भांड्यात दोन छोटे गोल्डफिश आणि व्हॅलिसनेरियाची रोपं ठेवली. वनस्पती माशांना प्राणवायू पुरवतील, हा हिशेब जुळला. पण पानं कुजून पाणी गढूळ होऊ लागलं, तेव्हा त्यांनी गोगलगायी सोडल्या. गोगलगायींनी कुजकी पानं संपवली, त्यांची अंडी माशांच्या पोटात गेली आणि भांडं नितळ राहिलं.

या हिशेबातला एक भागीदार मात्र कुणाला दिसत नव्हता. माशांच्या कल्ल्यांतून अमोनिया सतत पाण्यात उतरतो आणि थोडाही साठला तरी मासे दगावतात. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारीच. इतर जिवाणू नायट्राइटचं बऱ्याच सौम्य नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही दोन टप्प्यांची, दोन सूक्ष्मजीवांची वाटणी पुढे उलगडली ती वॉरिंग्टन यांच्याच मुलाने, इंग्लंडमधल्या रोथॅमस्टेड इथे शेतजमिनीचा अभ्यास करताना. दोन्ही टप्पे एकट्यानेच पार पाडणारे नायट्रोस्पायरा जिवाणू सापडायला मात्र २०१५ साल उजाडलं.

नव्या टाकीत ही वस्ती नसते. वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजवर ती बसायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी आणि मासे एकाच दिवशी घरी आणणं मला अजिबात पटत नाही. त्यात मासे हकनाक मरतात.

सुरुवातीला दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि तेवढीच उंच टाकी घ्या. तिच्यात सुमारे ५५ लिटर पाणी मावतं. म्हणजे पाण्याचंच वजन ५५ किलो, तेव्हा टेबल भक्कम हवं. धुतलेल्या जाड वाळूत व्हॅलिसनेरिया लावा. जावा फर्न आणि अनुबियास लाकडाला किंवा दगडाला दोऱ्याने बांधा. त्यांचं आडवं खोड वाळूत पुरलं की कुजतं. वनस्पती अमोनिया थेट शोषतात, त्यामुळे पहिल्या दिवसापासून टाकी रोपांनी दाट भरलेली बरी. दिवा रोज सहा ते आठ तास पुरे. खिडकीतलं ऊन टाळा, नाहीतर काचा शेवाळाने हिरव्या होतील.

मासे नसतानाही रोज चिमूटभर खाद्य टाका. ते कुजून जिवाणूंना अमोनिया मिळतो. चाचणी संचात अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसले, की पाच-सहा झेब्रा डॅनिओ सोडा. हा आपल्या उपखंडातलाच काटक मासा आहे. गोल्डफिश नको, तो फार घाण करतो आणि या टाकीत मावणार नाही एवढा वाढतो.

दर आठवड्याला पाव टाकी पाणी बदला, पण नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी क्लोरीननाशक थेंबांनी घालवा. फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यातच हलका पिळा. नळाखाली खळखळून धुतला, तर महिनाभर जमवलेले जिवाणू क्लोरीनने मरतील. छाटलेली रोपं तळ्यात किंवा नाल्यात फेकू नका, ती तिथे पसरतात. वाळवून कुंडीत घाला.