मामाची मुलगी, ग्रहण आणि आईवरचा ठपका

हुबळीत गोकुळ रोडच्या आसपासच्या मराठी घरांत मामाची मुलगी सून म्हणून येणं नवलाचं नाही. शेजारच्या कानडी घरांत तर सख्ख्या मामा-भाचीचंही लग्न लागतं. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार कर्नाटकात सुमारे 27 टक्के लग्नं नात्यातली. त्यामुळे घरात व्यंग असलेलं बाळ आलं, की कुणी नात्यातल्या लग्नाला बोल लावतं, कुणी आईनं ग्रहणात विळी हातात घेतली म्हणतं. ग्रहणाचा काडीचाही संबंध नाही. नात्याचा असतो, पण काहीच आजारांशी.

बहुतेक जनुकांच्या दोन प्रती आपल्याला मिळतात, एक आईकडून, एक वडिलांकडून. थॅलेसेमियासारख्या रक्ताच्या आजारात एक प्रत सदोष असली तरी दुसरी काम निभावते. असा माणूस ठणठणीत असतो, फक्त वाहक असतो. दोघेही वाहक असले तर बाळाला दोन्ही सदोष प्रती मिळण्याची शक्यता 25 टक्के, आणि ती दर गरोदरपणात नव्यानं. एक मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन धडधाकट होतील, हा हिशेब खोटा आहे.

आते-मामे भावंडांचे एका बाजूचे आजी-आजोबा एकच. आजोबांची एकच सदोष प्रत मुलाकडून नातीत आणि मुलीकडून नातवात उतरू शकते. या भावंडांची सरासरी आठवा हिस्सा जनुकं सारखी असतात, मामा-भाचीची पाव हिस्सा. जनुकतज्ज्ञ कागदावर वंशावळ मांडतात तेव्हा पुरुषाला चौकोन, बाईला वर्तुळ काढतात आणि नात्यातल्या जोडप्याला दुहेरी रेघेनं जोडतात, ती याचसाठी. तरीही अशा बहुतेक जोडप्यांची मुलं निरोगीच जन्मतात.

डाऊन सिंड्रोमची गोष्टच निराळी. तिथं 21 व्या क्रोमोसोमच्या दोनऐवजी तीन प्रती असतात. पॅरिसच्या संशोधकांनी हे 1959 साली दाखवलं. स्त्रीची बीजं ती स्वतः आईच्या पोटात असतानाच तयार होतात आणि विभाजन अर्ध्यावर ठेवून कित्येक वर्षं थांबतात. वय वाढेल तसे क्रोमोसोमच्या जोड्या सांभाळणारे प्रथिनांचे बंध कमजोर होतात, वाटणी चुकते आणि दोन्ही क्रोमोसोम एकाच बीजात जातात. विशीत ही शक्यता हजारात एकाहूनही कमी, चाळिशीत शंभरात एकाच्या आसपास. कधी चूक पुरुषबीजातही होते. बाईनं काय खाल्लं, काय कापलं, याच्याशी या चुकीचा संबंध नाही, आणि तरी वर्षानुवर्षं तीच बोलणी खाते, हे मला सहन होत नाही.

तेव्हा लग्न नात्यात असो वा परक्यात, साखरपुड्याआधी मुलगा-मुलगी दोघांच्या रक्ताची एचपीएलसी तपासणी करून घ्या. थॅलेसेमिया आणि सिकलसेलचे वाहक तिच्यात बहुधा कळतात. बाकीच्या आजारांसाठी घराण्याचा इतिहास घेऊन जनुकतज्ज्ञांना भेटा. डाऊनचं बाळ असेल तर त्याची क्रोमोसोम चाचणी जरूर करा. थोड्या घरांत हा दोष आई किंवा वडिलांकडून आलेला असतो, आणि पुढच्या बाळाचा धोका किती, हे त्या अहवालावरूनच ठरतं.